आधी गाव, मग घराणे

पुराभिलेखागारातला कागद आडनावाप्रमाणे लावलेला नसतो. ज्या कचेरीत तो तयार झाला, त्या कचेरीच्या कामकाजाप्रमाणे तो लावलेला असतो आणि दफ्तराची सूची ही त्या कामकाजाची खूणपट्टी असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोजणी रुमालांनी होते. चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा म्हणजे रुमाल. त्याला एक क्रमांक असतो आणि यादीत त्या क्रमांकापुढे ओळ-दोन ओळींचे वर्णन. त्या वर्णनात प्रांत येतो, परगणा येतो, साल येते, प्रकरण कशाचे तेही येते. माणसाचे नाव क्वचितच येते. वंशावळ शोधायला आलेला माणूस मात्र बहुधा फक्त नावच घेऊन आलेला असतो. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचे कारण बरेचदा एवढेच असते.

महाराष्ट्रात असा शोध घेणारे दोन प्रकारचे आहेत. एक, कुलवृत्तांत काढणारी मंडळे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून, विशेषतः कोकणस्थ घराण्यांत, असे ग्रंथ सातत्याने निघत आले. दुसरे, संख्येने कितीतरी जास्त, जात पडताळणीसाठी पुरावा जमवणारे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा कागद आणि त्या कागदातल्या माणसापासून अर्जदारापर्यंतची वंशावळ, असा दुहेरी पुरावा त्यांना जुळवावा लागतो. पहिल्यांना अभिमान आणतो, दुसऱ्यांना गरज. दोघांनाही त्याच याद्या चाळाव्या लागतात.

सूचीकडे जाण्यापूर्वी घरच्या माहितीतून नावाइतकेच, किंबहुना जास्त महत्त्वाचे असे एक उत्तर काढावे लागते: घराणे कोणत्या गावचे, आणि ते गाव कोणत्या काळी कोणाच्या अमलाखाली होते? मराठेशाहीच्या कागदात गाव एकटे येत नाही. ते ‘मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणे अमुक’ असे येते आणि मोडीत त्याचे मौ॥, त॥, प॥ असे संक्षेप होतात. सासवडच्या आसपासचे गाव ‘कर्यात सासवड’मध्ये सापडते, पुरंदर तालुक्यात नव्हे; तालुका ही नंतरची सोय. आडनावाचेही तसेच. अठराव्या शतकातल्या कागदात माणूस पुष्कळदा स्वतःचे नाव, बिन, बापाचे नाव आणि हुद्दा एवढ्यावरच ओळखला जातो. पाटलाला ‘मोकदम’ म्हटलेले असते, आज वापरात असलेले आडनाव त्या कागदात नसतेही. विवाहितेच्या नावापुढे ‘कोम’ येतो आणि त्यानंतर नवऱ्याचे नाव. ‘कोम’ म्हणजे जमात असे समजून वाचणाऱ्यांनी घराण्यात नसलेली माणसे घुसवल्याची उदाहरणे छापील वंशावळींतही दिसतात.

पुण्याचे दफ्तर हा या शोधातला सर्वांत मोठा साठा. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनच्या कारभारात हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. इतिहास जपणे हा त्यामागचा हेतू नव्हता. कोणाची जमीन इनाम, कोणाची सरंजाम, कोणाचे वतन खरे आणि कोणाचे बनावट, हे ठरवल्याशिवाय महसूल बसवता येत नव्हता. त्यासाठी कागद हवे होते. या दफ्तराची सांभाळणी पुढे ज्या कचेरीकडे आली तिचे नावच ‘एलिनेशन ऑफिस’ होते, म्हणजे सारामाफीच्या जमिनींची कचेरी. तीस हजारांहून अधिक रुमाल असलेल्या या साठ्याचे आजचे नाव पुणे पुराभिलेखागार. जमिनीच्या हक्काच्या चौकशीसाठी राखलेले दफ्तर वंशशोधाला इतके उपयोगी पडते, कारण हक्क वारशाने येतो आणि वारसा सिद्ध करायचा तर पिढ्या सांगाव्याच लागतात.

या दफ्तराची वाट दाखवणारे पुस्तक गो. स. सरदेसाई यांनी तयार केले. बडोद्याची नोकरी संपवून आलेल्या सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आणि १९३३ मध्ये एलिनेशन ऑफिसमधील कागदपत्रांची इंग्रजी हस्तपुस्तिका प्रसिद्ध झाली. या दोहोंत गल्लत होते. ४५ खंड ही निवड आहे. मोहिमा, तह आणि दरबारी राजकारण यांना तीत अग्रमान मिळाला, त्यामुळे सामान्य पाटील-कुलकर्ण्यांचे घराणे त्यात सापडले नाही तर दफ्तरात नाही असे मुळीच नव्हे. हस्तपुस्तिका मात्र दफ्तर कोणत्या विभागांत लावले आहे आणि कोणत्या विभागात कसला कागद आहे ते सांगते. वंशशोधाला उपयोगी पुस्तक हे दुसरे, आणि दुर्दैवाने कमी लोकांच्या हाती पडणारेही हेच.

या हस्तपुस्तिकेच्या आधाराने विभाग निवडावा लागतो. रोजकीर्दीत हुजुरातून झालेले हुकूम व खर्च तारखेवार आहेत. तारीख ठाऊक असेल तर एका दिवसाचे पान काढून पाहता येते, तारीख ठाऊक नसेल तर त्यात हात घालणे व्यर्थ. प्रांत अजमासात मुलुखवार महसुलाचे अंदाज आणि हिशेब आहेत. तिथे घराणे नव्हे, गाव भेटते. शाहू दफ्तर, चिटणीसी, पागा, आंग्रे दफ्तर, सातारकर छत्रपतींचे दफ्तर हे विभाग घराण्याची चाकरी कोणत्या दरबारात होती हे कळल्यावर उघडायचे. पागेत चाकरी केलेल्या घराण्याने रोजकीर्दीत आयुष्य घालवू नये. जमावात ठिकठिकाणांहून गोळा केलेली दफ्तरे आहेत आणि त्यात कधी कधी एकाच गावाचे कागद वेगवेगळ्या कारणांनी येऊन पडलेले दिसतात.

सर्वांत संपन्न भाग इनाम कमिशनचा. इनामांची चौकशी १८४० च्या दशकात सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला दात आले. इनामदारांना सनदा हजर करा, हक्क कसा आला ते सांगा, वारस कोण ते दाखवा, असे हुकूम सुटले. लोकांनी पेट्या उघडल्या. त्या काळी या कमिशनने दक्षिणेत मोठा असंतोष निर्माण केला. पण त्याच जुलमामुळे शेकडो घराण्यांच्या पिढ्या कागदावर उतरल्या. या प्रकरणांत आखून काढलेली वंशावळ मिळते. मूळपुरुष वर, खाली शाखा, निपुत्रिक गेलेल्यांपुढे तशी नोंद, दत्तकापुढे ‘दत्तक’. सरकारपुढे खोटे उघडे पडले तर इनाम जाण्याची भीती होती आणि भाऊबंद विरोधात उभे राहायला तयारच होते, म्हणून या वंशावळी घरगुती टिपणांपेक्षा भरवशाच्या. भाऊबंदकीने मराठी समाजाचे पुष्कळ नुकसान केले असेल; वंशशास्त्राला मात्र तिच्याइतका उपकारकर्ता दुसरा नाही.

इनाम कमिशनच्या मागे गेले की वतनाच्या भांडणांचे मूळ कागद लागतात. यादीतल्या वर्णनात काही शब्द दिसले की तो रुमाल आधी मागवावा. ‘करीना’ म्हणजे पक्षकाराने सांगितलेली आपल्या हक्काची सविस्तर हकीकत. ती बहुधा पणजा-खापरपणजापासून सुरू होते. ‘महजर’ म्हणजे गोतसभेने वा दरबारी पंचांनी केलेला निवाडा, त्यावर साक्षीला बसलेल्या पाटील, कुलकर्णी, बलुतेदारांची नावे व निशाण्या असतात. पाटलाच्या नावाजवळ नांगर, सुताराच्या नावाजवळ त्याचे हत्यार असे. ज्याच्या घराण्याने कधी खटला केला नाही त्याचा पूर्वजही शेजारगावच्या महजरात साक्षीदार म्हणून भेटू शकतो. म्हणून स्वतःच्या गावाबरोबर पंचक्रोशीतल्या गावांची नावेही यादीत पाहावीत. वाटणीपत्र, दत्तपत्र, वतनपत्र हे शब्द तर पिढीचीच खूण.

हे सगळे वाचायला मोडी लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राहत नाही, शब्द सुटे पडत नाहीत आणि लिहिणाऱ्याचे वळण प्रत्येक पिढीला बदलते. सूची तयार करणाऱ्यांनीही काही नावे चुकीची वाचली आहेत. एकच गाव दोन प्रकारे लिहिलेले आढळले तर दोन्ही रुमाल पाहावेत.

तारखांचा गुंता त्याहून वाईट. पानिपताचे वर्ष घेतले तर ते शालिवाहन शके १६८२, राज्याभिषेक शक ८७, फसली ११७० आणि शुहूर ११६१ आहे. शुहूर सन आकड्यात नव्हे, अरबी शब्दांत लिहितात: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलते. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. फसली सन शुहूर म्हणून धरला तर कागद नऊ वर्षे पुढे सरकतो, आणि वतनाच्या भांडणात नऊ वर्षांत बाप जाऊन मुलगा उभा राहिलेला असतो. महिन्याच्या तारखेला ‘छ’ हे चंद्राचे अक्षर लावून मुसलमानी महिना लिहिलेला असतो. शिवकाळासाठी ग. स. खरे यांची जंत्री, पेशवाईसाठी बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री जवळ ठेवल्याशिवाय यादीतल्या सालांवर विसंबू नये. ज्यांनी यादी केली त्यांनीही काही ठिकाणी घाई केली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दफ्तर बदलते आणि शोध पुण्याहून तालुक्याला येतो. इंदापुरात १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पाहणी सुरू केली. त्या पद्धतीने प्रत्येक शेताला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला खातेदार मिळाला. मग वतनदारच नव्हे, साधा कुणबीही नावाने कागदावर आला. क्लासर रजिस्टर, प्रतिबुक, शेतवार पत्रक, पक्का बुक ही नावे भूमी अभिलेखाच्या कार्यालयातल्या याद्यांत आढळतात. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि फेरफाराच्या वहीत मयत खातेदाराच्या जागी कोणाकोणाची नावे लागली याची नोंद होऊ लागली. गाव नमुना ६ ही फेरफारांची वही आणि ६-क ही वारसा प्रकरणांची. वंशशोधकासाठी ६-क सारखी वही नाही, कारण तिचा विषयच वारस आहे. जन्म-मृत्यूची वही म्हणजे गाव नमुना १४. खेड्यात तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. त्यात तारीख, नाव, बापाचे नाव आणि जुन्या पानांवर जातही असते. कोतवालाने उच्चारावरून लिहिलेली नावे वाचताना थोडी सवलत द्यावी लागते.

तहसीलच्या अभिलेख कक्षात हे गठ्ठे गाववार आणि वर्षवार बांधलेले असतात. महसुली नियमांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि ‘अ’ वर्ग कायमचा जपायचा. इतर वर्गांचा कागद मुदत संपल्यावर नाश करायची परवानगी असते. म्हणून नोंद ‘सापडली नाही’ आणि ‘नष्ट केली’ यांत फरक करावा. नाश केलेल्या कागदांची यादीही त्याच कक्षात असायला हवी आणि तिची नक्कल मागता येते. भूमी अभिलेखाच्या ई-अभिलेख सेवेत पुष्कळ कागदांची चित्रे आता घरबसल्या पाहता येतात. तिथेही जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार याच वाटेने जावे लागते.

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिच्या कामासाठी राज्यभरचे अभिलेख कक्ष उघडले. राजकारणाचा वाद काहीही असो, कोणकोणत्या कागदांत जात व वंश सापडतो याची एवढी मोठी यादी यापूर्वी एकत्र झाली नव्हती. महसूल आणि भूमी अभिलेखाबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, तुरुंगाच्या वह्या, राज्य उत्पादन शुल्काच्या ताडी-मळीच्या नोंदी, दुय्यम निबंधकाची दस्तरजिस्टरे अशा अनपेक्षित जागा त्यात आहेत. शोध १९४८ पूर्वीचा आणि १९४८ ते १९६७ असा दोन टप्प्यांत झाला. तालुक्यातल्या मोडी जाणणाऱ्यांना अचानक भाव आला. ज्यांना फक्त पूर्वज शोधायचे आहेत त्यांनाही ही यादी तशीच वापरता येते.

गाव कोणाच्या अमलाखाली होते हा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबादशी बांधलेला होता. तिथल्या घराण्याचा जुना कागद उर्दू-फारसीत असू शकतो आणि काही दफ्तर हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे. वऱ्हाड १८५३ नंतर इंग्रजांकडे गेला आणि पुढे मध्य प्रांताशी जोडला गेला, म्हणून अकोला-अमरावतीचे कागद नागपुरात पाहावेत. कोल्हापूर संस्थानासाठी कोल्हापूर पुराभिलेखागार. जिल्हेही बदलले आहेत: खानदेश १९०६ मध्ये दोन झाला, सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, लातूर १९८२ चे. लातूरचे दफ्तर मागताना जुन्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या याद्या विसरल्या तर अर्धा शोध राहतो. मुंबई सरकारचा पत्रव्यवहार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. मुंबईत हा दफ्तरखाना १८२१ मध्ये स्थापन झाला आणि किंडर्सले याने १९२१ मध्ये त्याची हस्तपुस्तिका काढली. घराण्यात कोणी इंग्रजी अमलात चाकर असेल तरच तिचा उपयोग, एरवी तिच्यात वेळ घालवू नये.

गोव्याची पद्धत वेगळी. तिथले सरकारी दफ्तर १५९५ पासूनचे, त्याचा पहिला अधिकारी दियोगो दो कोतो. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५५ मध्ये या दफ्तराची पोर्तुगीज भाषेतली मार्गदर्शिका छापली आणि आजही शोधकाची सुरुवात तिच्यापासून होते. ख्रिस्ती घराण्यासाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या वह्या, हिंदू घराण्यासाठी गावकरीच्या नोंदी व देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या. कोकणात वा कारवारात स्थायिक झालेल्या सारस्वत घराण्याला आपले मूळ गाव ठाऊक नसेल तर कुलदैवतावरून ते काढता येते, कारण महाजनकी देवस्थानाला बांधलेली असते. ख्रिस्ती घराण्यात धर्मांतरानंतर आडनाव बदलते, गाव बदलत नाही. दोन्हीकडे आधार गावाचाच.

समुद्रापार गेलेल्यांची सूची अधिक नेटकी आहे. मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे गिरमिटियांच्या आगमनाच्या नोंदी आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक दिला गेला आणि त्या क्रमांकापुढे नाव, वय, बापाचे नाव, जात, गाव, जहाज. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत आणि आजोबाचा क्रमांक माहीत असला की कोकणातल्या गावापर्यंत उलटे येता येते. गावाचे नाव लिहिणारा इंग्रज वा फ्रेंच कारकून होता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. तंजावरकडे गेलेल्यांसाठी सरस्वती महालातले मोडी कागद आणि राजघराण्यापुरता बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ चा मराठी शिलालेख.

सरकारी दफ्तराबाहेर दोन जुन्या सूची आहेत आणि त्यांचीही मांडणी गाववार आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथील क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्यांत यात्रेकरूने स्वतः लिहून दिलेली पिढ्यांची नोंद असते. उपाध्येही आधी ‘गाव कोणते?’ असेच विचारतात. हरिद्वार व इतर काही क्षेत्रांतील अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे युटा येथील वंशावळ संस्थेने घेतली आहेत. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे बैल घेऊन फिरणारे हेळवी घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात आणि नवी पिढी त्यात भर घालतात. त्यांच्या वह्या उपयोगी आहेत, पण मूळपुरुष शोधताना त्या राजघराण्यांकडे जास्त झुकतात. तेवढा भाग बाजूला ठेवून नंतरच्या सहा-सात पिढ्या दफ्तरातल्या कागदाशी ताडून पाहाव्यात.

दफ्तरात कोण नाही हेही सूचीवरून कळते. बाई येते ती विधवा म्हणून, दत्तक घेणारी म्हणून, कधी वतन सांभाळणारी म्हणून. लेक आणि बहीण क्वचितच येते. भूमिहीन मजूर जवळजवळ नाही. पण दलित घराण्यांच्या नोंदी नाहीत हा समज चुकीचा आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली महारकीसारख्या गावकामगार वतनांच्या वाटण्या नोंदवल्या गेल्या, त्यात प्रत्येक तक्षिमेचा हिस्सेदार नावाने आहे. १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली तेव्हा पुन्हा याद्या झाल्या. प्रांताधिकारी आणि तहसीलदारांच्या कचेऱ्यांतले हे कागद अजून पुरेसे कोणी पाहिलेले नाहीत, आणि इतर कुठल्याही नोंदीपेक्षा त्यांतून या घराण्यांच्या चार-पाच पिढ्या लवकर उभ्या राहतात.

कुलवृत्तांतांत राहणारी एक उणीव मात्र चटकन दुरुस्त होण्यासारखी आहे. त्यांत वंशवृक्ष असतो, मूळपुरुषाची हकीकत असते, पण कोणती पिढी कोणत्या कागदावरून घेतली हे बहुतेकांत नसते. त्यामुळे पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला तोच रुमाल पुन्हा सोडावा लागतो आणि ज्याने एकदा सोडला त्याचे श्रम वाया जातात. नवी आवृत्ती काढणाऱ्या मंडळांनी प्रत्येक नावापुढे दफ्तर, विभाग, रुमाल क्रमांक आणि मूळ कागदावरची तारीख तिच्या मूळ सनासह छापावी. जागा कमी पडली तर सत्कारांची छायाचित्रे कमी करावीत.